बॉनेट उघडत नाही तेव्हा

(हैदराबाद येथे सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा आपणांपैकी काहींनी तो दोनदा वाचला असेल. प्रसिद्धी अधिकाऱ्याने योजनांची माहिती द्यावी, फार तर एखाद्या थोर पुरुषाच्या कार्याचा परिचय करून द्यावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मोटारीच्या पुढच्या झाकणावर तो तासभर काय बोलणार, ही शंका रास्तच आहे. त्यातून मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्राशी माझा संबंध आला तो सरकारी जीपच्या मागच्या आसनावर बसण्यापुरता. तथापि ज्या विषयाची माहिती तज्ज्ञांना असते आणि गरज मात्र सर्वांना पडते, तो विषय सोप्या भाषेत लोकांपुढे मांडणे हेच आमच्या खात्याचे काम आहे. मी जे सांगणार आहे ते गॅरेजमधील मिस्त्र्यांजवळ बसून, विचारून आणि डोळ्यांनी पाहून घेतलेले आहे.

नांदेड, लातूर, उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव, आदिलाबाद, बिदर या भागांतून हैदराबादेस येणाऱ्या वाहनांची संख्या आपणांस ठाऊक आहेच. कोणी इस्पितळासाठी येतो, कोणी मुलाच्या शिक्षणासाठी, कोणी बाजारासाठी. सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी हा एक रस्ता. आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, मेडचल हा दुसरा. या रस्त्यांवर उन्हाळ्यात एखादी मोटार कडेला उभी असावी, पुढून वाफ निघत असावी आणि भोवती चार माणसे तिच्या बॉनेटशी झटत असावीत, हे दृश्य अपूर्व नाही. यंत्रात बिघाड झाला असेल तर तो पुढे शोधता येईल; परंतु झाकणच उघडले नाही तर पाणी घालता येत नाही, तेल पाहता येत नाही, बॅटरीची तार सोडविता येत नाही. बिघाड पाच रुपयांचा असो की पाच हजारांचा, त्याच्यापर्यंत हात पोहोचत नाही. आत आजारी माणूस बसलेला असेल तर या लहानशा खटक्याला केवढे महत्त्व येते, ते वेगळे सांगावयास नको.

हा विषय हैदराबादेत मांडण्यास एक औचित्यही आहे. मोटारीच्या युगाशी या शहराचे नाते जुने आहे. चौमहल्ला राजवाड्यात १९१२ सालची पिवळ्या रंगाची रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट मोटार आजही पाहावयास मिळते. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी ती मागविण्यात आली होती; ते १९११ मध्ये निवर्तले. त्या मोटारीच्या बॉनेटकडे निरखून पाहावे. ते आजच्यासारखे पुढून वर उचलले जात नाही. मधोमध लांबट बिजागरी आणि दोन्ही अंगांना पाखरासारखी उघडणारी पाने, अशी त्याची रचना आहे. उजवीकडचे पान उचलावे, उजवीकडचे यंत्र पाहावे. मग वळसा घालून डावीकडे जावे. पानांना बाहेरून कड्या. बाहेरून बसविलेली कडी अडली तरी ती डोळ्यांसमोर अडते. तेल सोडावे, हलकेच ठोकावे, मोकळी करावी. आतल्या दोरीवर अवलंबून राहण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीची शाखा उघडली. आरंभी २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी एवढाच पसारा होता. पहिल्या गाड्या आल्बियन या स्कॉटिश कंपनीच्या. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, म्हणून हा इतिहास आपलाही आहे. या गाड्यांच्या क्रमांकात येणारे 'झेड' हे अक्षर निजामाच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावावरून घेतले, असे येथे सांगतात. १९४२ मध्ये येथेच ऑल्विन कारखाना निघाला आणि त्याने पुढे बसची शरीरे बांधण्यात मोठे नाव मिळविले. या साऱ्या उद्योगातून शहरात कारागिरांची एक पिढी तयार झाली आणि तिच्या हाताखाली दुसरी. हैदराबादच्या गल्लीबोळांत आज जो मिस्त्री दिसतो त्याची विद्या पुस्तकातील नाही, ती पाहून आणि हाताळून आलेली आहे. मला या व्याख्यानाची बरीचशी सामग्री अशाच लोकांनी पुरविली.

आता मूळ विषयाकडे वळतो. आपल्याकडील जुन्या जीपच्या बॉनेटला दोन्ही बाजूंस बाहेरून पकडी होत्या. शेतकऱ्याने बैलगाडीचे जू सोडावे तितक्या सहज त्या सुटत. परंतु रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारीतून बॅटरी आणि इतर सुटे भाग चोरीस जाऊ लागले तेव्हा बॉनेटचे कुलूप मोटारीच्या आतून उघडावे अशी व्यवस्था सर्वत्र रूढ झाली. चालकाच्या गुडघ्याजवळ, दर्शनी फळीच्या खाली एक लहान खटका असतो. तो ओढला की पुढे बॉनेटच्या टोकाशी 'खट्' असा आवाज होतो आणि बॉनेट बोटभर वर येते. मग फटीत बोटे घालून दुसरी एक जिभली सरकवावी लागते, तेव्हा ते पूर्ण उचलले जाते. काही परदेशी बनावटीच्या मोटारींत हा खटका चालकाजवळ नसून डाव्या बाजूच्या प्रवाशाच्या पायाजवळ असतो, कारण त्या मोटारी मुळात डाव्या हाताच्या चालकासाठी आखलेल्या असतात. खटका मिळत नाही म्हणून बॉनेट बिघडले असे समजणारी मंडळीही आढळतात. शेजारीच पेट्रोलच्या झाकणाचा खटका असतो आणि दोहोंचा घोटाळा होतो. तेव्हा नवे वाहन हाती आले की पहिल्या दिवशीच बॉनेटचा खटका कोणता आणि आतील जिभली कोठे, हे हाताने पाहून ठेवावे. रात्री, पावसात, महामार्गावर ते शोधण्याची वेळ येऊ नये.

खटका आणि कुलूप यांना जोडणारी वस्तू म्हणजे केबल. ही केबल आपणां सर्वांच्या परिचयाची आहे, कारण सायकलच्या ब्रेकला हीच असते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन या संशोधकाने १८९६ मध्ये तिचे एकस्व घेतले. बाहेर एक न दबणारी नळी, आत पिळाची पोलादी तार. नळीची दोन्ही टोके पक्की धरून ठेवावयाची आणि आतली तार ओढावयाची. नळी वाटेल तशी वळली तरी ओढ शेवटापर्यंत पोहोचते. शिक्षक बंधूंना माझी एक सूचना आहे. वर्गात तरफ शिकविताना सायकलचा ब्रेक दाखविला जातो. त्याच वेळी बाहेरची नळी तिच्या खोबणीतून काढून ब्रेक दाबून दाखवावा. मूठ दाबली जाते, ब्रेक मात्र लागत नाही. बॉनेटच्या खटक्याचे निम्मे बिघाड त्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांस कळतील.

केबलच्या दुसऱ्या टोकाला कुलूप. त्यात एक पोलादी पंजा असतो. बॉनेटच्या खालच्या अंगास उलट्या कमानीसारखी कडी असते, ती खाली आली की पंजा तिला पकडतो. केबल ओढली की पंजा सुटतो आणि स्प्रिंग बॉनेटला वर ढकलते. एवढेच यंत्र. परंतु ते बसविलेले असते मोटारीच्या अगदी नाकाशी. समोरून येणारी धूळ, पाऊस, चिखल, किडे, सारे प्रथम त्याच्यावर आदळते. आपल्या भागातील काळ्या मातीची धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की तिचा लुकण तयार होतो आणि पंजा हलेनासा होतो. ज्या अवयवास सर्वांत अधिक धूळ लागते त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, कारण तो झाकणाखाली असतो आणि झाकण तर वर्षातून दोनदा उघडावयाचे!

दुसरी जिभली कशासाठी, असे एका सरपंचांनी मला विचारले होते. मुख्य पंजा चुकून सुटला तर वाऱ्याच्या जोराने बॉनेट उलटे होऊन काचेवर आपटते आणि चालकास समोरचे काही दिसत नाही. अशा वेळी ही जिभली त्याला अडवून धरते. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून पुढून उघडणाऱ्या, चालकाची दृष्टी झाकू शकेल अशा बॉनेटला ही दुसरी पकड सक्तीची करण्यात आली. ती जिभली गंजून अडकून राहिली तर काय होते, याचे उदाहरणही तिकडचेच आहे. निस्सान कंपनीला आपल्या अल्टिमा मोटारी याच दोषासाठी २०१४ पासून एकाहून अधिक वेळा परत बोलवाव्या लागल्या. सारांश असा की बॉनेट न उघडणे हा जसा बिघाड आहे तसा ते नीट न लागणे हाही बिघाडच आहे, आणि दुसरा पहिल्याहून घातक आहे. कदाचित चालत्या गाडीत बॉनेट उघडलेच तर जोरात ब्रेक मारू नये. बॉनेट आणि दर्शनी फळी यांच्या मधल्या फटीतून किंवा बाजूच्या काचेतून रस्ता पाहत, इशारादिवे लावून, वेग कमी करीत डावीकडे यावे.

काही वर्षांपूर्वी जहीराबादच्या अलीकडे मी एक प्रसंग पाहिला. एका खेड्यातील कुटुंब वृद्ध आईला घेऊन हैदराबादच्या इस्पितळात निघाले होते. मे महिना, दुपारचे दोन. मोटार तापली, काटा तांबड्या खुणेस लागला, चालकाने गाडी कडेला घेतली. इथपर्यंत सारे योग्य झाले. परंतु खटका ओढला तरी बॉनेट हलेना. चालक गडबडला. त्याने पान्याने बॉनेटच्या टोकावर ठोकण्यास आरंभ केला. पत्रा दबला, दबलेल्या पत्र्याने कडी तिरपी झाली आणि जे कुलूप नुसते अडले होते ते खरोखरच जाम झाले. आई मागच्या आसनावर ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसलेली; मुलगा कधी तिच्याकडे, कधी बॉनेटकडे धावत होता. आमची जीप थांबली तेव्हा आम्ही प्रथम आईंना सावलीत घेतले आणि पाणी दिले. तेवढ्यात पुढच्या वस्तीवरचा एक तरुण मिस्त्री सायकलवरून आला. त्याने चालकाच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाला, "मारो नक्को साब, दबाओ."

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह होतो. हा 'नक्को' म्हणजे आपलाच 'नको'. दख्खनी भाषेने तो मराठीतून घेतला आणि हैदराबादच्या रस्त्यावर तो आजही आपल्याच अर्थाने वावरतो. असो.

त्या मिस्त्र्याने मुलास आत बसविले आणि खटका ओढून धरून ठेवण्यास सांगितले, सोडावयाचा नाही. स्वतः पुढे उभा राहून त्याने बॉनेटच्या टोकाशी, बरोबर कुलपाच्या वर, दोन्ही तळहात ठेवले आणि वजन टाकून खाली दाबले. मग एकदम सोडले. पुन्हा दाबले, पुन्हा सोडले. पत्रा तापलेला म्हणून त्याने हाताखाली गोणपाट घेतले होते. कडी तिरपी झाली नसती तर दुसऱ्या दाबास काम झाले असते. येथे आठ-दहा वेळा करावे लागले, आणि मग तो अपेक्षित आवाज झाला. कारण समजून घेण्यासारखे आहे. स्प्रिंग आणि रबरी टेकू बॉनेटला खालून वर रेटत असतात, त्यामुळे कडी पंज्यावर ताणून बसलेली असते. पंज्याला सुटावयाचे असते, परंतु कडीचा भार त्याला सुटू देत नाही. बॉनेट खाली दाबले की तो भार क्षणभर जातो, आणि त्याच क्षणी ओढ चालू असेल तर पंजा मोकळा होतो. दार फुगले असता आपण ते आधी चौकटीकडे ढकलून मग कडी काढतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच या कामास दोन माणसे लागतात. एकटा माणूस आधी खटका ओढतो, मग पुढे धावतो; तोवर ओढ गेलेली असते.

बॉनेट उघडल्यावरही मिस्त्र्याने रेडिएटरच्या झाकणास हात लावू दिला नाही. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांहून अधिक तापूनही ते उकळत नाही. झाकण सैल केले की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उसळून तोंडावर येते. हात आणि चेहरा भाजून घेतलेले चालक मी पाहिले आहेत. अर्धा तास थांबावे, वर कापड धरून झाकण थोडेसे फिरवावे, वाफ जाऊ द्यावी आणि मगच ते काढावे. त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल म्हणून सांगतो. आईंना आमच्या जीपमधून पुढे पाठविले. मोटार तासाभराने मागून गेली.

अडलेले बॉनेट हाती आले की प्रथम खटक्याची ओढ कशी लागते ते पाहावे. निदान तेथेच होते. ओढ नेहमीसारखी आहे, पुढे आवाजही होतो, पण बॉनेट वर येत नाही, तर स्प्रिंग थकली आहे किंवा कडेचे रबर पत्र्यास चिकटले आहे. एकाने खटका धरावा, दुसऱ्याने टोकाशी धरून उचलावे. ओढ जड लागते आणि आवाज होत नाही, तर कुलूप किंवा केबल कोरडी पडली आहे; आत्ता सांगितलेली दाबण्याची रीत वापरावी आणि पुढच्या जाळीतून लांब नळीने कुलपावर तेल सोडून दहा मिनिटे वाट पाहावी. खटक्याला झटके देऊ नयेत. झटक्याने अडलेली केबल तुटलेली होते आणि सोपे काम अवघड होते.

खटका अगदी सैल, निर्जीव हातात आला तर केबल तुटली आहे किंवा नळी खोबणीतून निसटली आहे. घाबरू नये. पुष्कळदा तुटतो तो खटक्याचा प्लॅस्टिकचा दांडा, किंवा तार त्याच्याजवळच तुटते. फळीखाली वाकून विजेरीने पाहिले तर तारेचे टोक दिसते, त्याला बहुधा लहानशी गुंडी असते. नळी एका हाताने घट्ट धरावी आणि तार पक्कडीने सरळ ओढावी. नळी न धरता तार ओढली तर काय होते, ते सायकलच्या प्रयोगात आपण पाहिलेच आहे. तार कुलपाजवळ तुटली असेल तर मात्र मिस्त्र्याचेच काम. तो जाळीतून लांब पेचकस घालून किंवा खालचे संरक्षक झाकण काढून पंजा सरकवितो. प्रत्येक मोटारीची जागा वेगळी, म्हणून आपण अंदाजाने आत सळई खुपसू नये. समोरच रेडिएटर असतो आणि त्याच्या पातळ पत्र्यास भोक पडले की खर्च दसपटीने वाढतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीही, मिस्त्र्यानेही, शिरू नये. आणखी एक गोष्ट जाळीतून हात घालणाऱ्यांसाठी. अलीकडच्या मोटारींत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. यंत्र तापलेले असेल तर किल्ली काढून घेतल्यावरही तो आपोआप सुरू होऊ शकतो. बोटे जाण्यास एक क्षण पुरतो.

बॅटरी उतरली म्हणून बॉनेट उघडत नाही, असा एक समज आहे. केबलवर चालणाऱ्या बॉनेटचा विजेशी काहीही संबंध नाही. हा समज विजेवर चालणाऱ्या काही नव्या मोटारींच्या बाबतीत मात्र खरा ठरतो. टेस्ला मोटारींचे पुढचे झाकण विजेच्या खटक्याने उघडते. लहान बॅटरी पूर्ण उतरली तर ते उघडत नाही, म्हणून मॉडेल थ्रीमध्ये पुढच्या बंपरवरील एका लहान झाकणामागे दोन तारा ठेवलेल्या असतात. त्यांना बाहेरून वीज दिली की खटका सुटतो. विद्या पुढे गेली, अडचणही तिच्याबरोबर पुढे गेली. टाटांची नॅनो २००९ मध्ये आली तिचे यंत्र मागे होते, मारुतीच्या ओम्नीचे यंत्र पुढच्या आसनाखाली. तेथे पुढचे झाकण उघडून यंत्र शोधणारे कैक हितचिंतक रस्त्यावर भेटत.

धूर आणि वाफ यांतील भेद सर्वांनी लक्षात ठेवावा, मुलांनीसुद्धा. वाफ पांढरी असते, लवकर विरते आणि रेडिएटरच्या द्रवाचा गोडसर वास येतो. धूर काळपट किंवा करडा असतो आणि रबर व वायर जळाल्याचा वास येतो. धूर असेल तर बॉनेट उघडत नाही ही तक्रारच विसरावी. ते उघडू नये. बंद जागेत आग कोंडलेली असते. झाकण उचलताच तिला हवा मिळते आणि ज्वाळा उचलणाऱ्याच्या तोंडावर येतात. यंत्र बंद करावे, सर्वांना उतरवावे, शंभर पावले दूर जावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. आत सामान राहिले, कागद राहिले, राहू द्यावेत.

पाण्याचा विषय या शहरात टाळता येणार नाही. २८ सप्टेंबर १९०८ चा मुसा नदीचा पूर हैदराबाद विसरलेले नाही. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले आणि उस्मान सागर व हिमायत सागर हे जलाशय उभे राहिले. त्या काळी वाहून गेली ती माणसे, गुरे आणि घरे. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत माणसांचे प्राण तर गेलेच, शिवाय वस्त्यावस्त्यांतून मोटारी लाकडाच्या ओंडक्यांप्रमाणे तरंगत गेल्या. पाणी ओसरल्यावर त्या मोटारींचे प्रश्न सुरू झाले. बुडालेली मोटार सुरू करून पाहण्याचा मोह मोठा असतो. तो आवरावा. यंत्राच्या नळकांड्यात पाणी शिरलेले असेल तर दट्ट्या ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखे दबत नाही. दट्ट्याचा दांडा वाकतो आणि यंत्र निकामी होते. साध्या विमापत्रात असे नुकसान बहुधा धरले जात नाही. त्यासाठी यंत्रसंरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. पहिले काम बॅटरीची तार सोडविण्याचे, आणि त्यासाठी बॉनेट उघडले पाहिजे!

पुराच्या दुसऱ्या दिवशी ते सहसा उघडते. अडते ते तीन-चार आठवड्यांनी. चिखल कुलपात वाळून विटेसारखा घट्ट होतो. केबलच्या नळीत शिरलेले पाणी बाहेर येत नाही, आतली तार गंजते, गंज फुगतो आणि तार नळीला धरते. विम्याचा निरीक्षक येईपर्यंत मोटारीला हात लावावयाचा नाही या समजुतीने अनेकजण तिला जशीच्या तशी ठेवतात. छायाचित्रे काढून, विमा कंपनीस कळवून बॉनेट उघडावे, बॅटरी सोडवावी, कुलूप स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून त्यात तेल सोडावे. गोदावरी आणि मांजरा यांच्या काठच्या गावांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

माझ्या कार्यालयीन बांधवांना दोन शब्द. निर्लेखनाच्या प्रतीक्षेत कचेरीच्या आवारात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. लिलावाच्या दिवशी त्यांचे बॉनेट उघडत नाही, बोली लावणारा आत काय आहे ते पाहू शकत नाही आणि भंगाराच्या भावाने शासनाची वस्तू जाते. दोन महिन्यांतून एकदा शिपायाने बॉनेट उघडून बंद केले तरी हे टळेल. चालू वाहनांच्या लॉगबुकात तेल किती भरले याची नोंद असते. कुलपाला ग्रीस केव्हा लावले याचीही असावी, असे मला वाटते. शेऱ्याच्या रकान्यात ती सहज मावेल, त्यासाठी नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

काळजी ती किती? पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. जुना लुकण रॉकेलच्या ब्रशने किंवा चिंधीने काढावा, पंजा आणि जिभली बोटाने हलवून पाहाव्यात, थोडे ग्रीस लावावे आणि जास्तीचे पुसून टाकावे. अधिक ग्रीस अधिक धूळ धरते. केबलच्या दोन्ही टोकांशी तेलाचे चार थेंब. खटका ओढून पाहावा, ओढ गेल्या वेळेपेक्षा जड वाटली तर केबल बदलून घ्यावी. नवी केबल बसविण्याचा खर्च रस्त्यावर अडल्यावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने क्षुल्लक असतो. बॉनेट लावताना ते एक फुटाच्या उंचीवरून सोडावे, म्हणजे आपल्या वजनाने बसते. हाताने मधोमध रेटले तर पत्रा दबतो. बसल्यावर टोकाशी धरून उचलून पाहावे. हलले तर पुन्हा उघडून पुन्हा लावावे. जुन्या चालकांना ही सवय असे, ते गाडीभोवती एक फेरी मारूनच आत बसत.

बाहेर आवारात आमच्या कार्यालयाची जीप आणि एका शिक्षक बंधूंची मोटार उभी आहे. दोन्ही गाड्यांची बॉनेटे येथील एक मिस्त्री आता उघडून दाखवतील, आणि मोटारीची केबल मुद्दाम सोडवून ठेवली आहे, तीही पक्कडीने ओढून दाखवतील. ज्यांना स्वतःच्या हाताने करून पाहावयाचे असेल त्यांनी चार-चारच्या गटाने पुढे यावे. लहान मुलांना जाळीपासून दूर ठेवावे.